एक दार सोडून

राजुरीहून आळेफाटा गाडीने गाठायला कितीसा वेळ लागतो? इकडे चहाचं आधण ठेवावं, तर तो उकळेपर्यंत माणूस पोचतो. पण आमच्या नानांना बरोबर घेऊन निघालात, की सकाळचे निघालेले दुपारी आळेफाट्याला. नाना म्हणजे माझे सासरे. गाडीत कायम पुढे, ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला. चपला काढून पाय वर घेतलेले, कोपर खिडकीबाहेर. वाटेत ओळखीचं दार दिसलं रे दिसलं, की दोनच शब्द बोलायचे, "घे आत."

मग ते दार चुलतभावाचं असो, चुलतभावाच्या मेव्हण्याचं असो, नाहीतर बेल्ह्याच्या बाजारात कधीकाळी ज्याला गाय विकली त्याचं असो. गाडी आत. नाना उतरणार, आधी कुत्र्याशी बोलणार, मग गोठ्यात डोकावणार, मग माणसांची चौकशी. खुर्ची पुढे केली तरी खुर्चीवर बसायचे नाहीत, ओट्याच्या कडेला टेकायचे. "अर्धाच द्या" म्हणून चहा मागायचे, बशीत ओतून प्यायचे, बशी पालथी घालायचे की उठले. जेवायला थांबलेले मी कधी पाहिले नाहीत. "जेवल्यालं लोक मोजत्यात, च्या पिल्यालं कुनी मोजीत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. आणि रिकाम्या हाताने तर जायचंच नाही. डिकीत आमच्या शेतातल्या कांद्याची गोणी असायची, त्यातले ओंजळ दोन ओंजळ प्रत्येक दारात. कांद्याला भाव असो नाहीतर नसो.

माझं माहेर पारगावचं, आंबेगाव तालुक्यात, साखर कारखाना आहे ते. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाला आम्ही राजुरीहून भल्या सकाळी निघालो आणि पोचलो तेव्हा पंगती उठून भांडी घासायला काढली होती. माझे वडील मांडवाच्या खांबाला धरून उभे. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत येताना मी गाडीत तोंड फुगवून बसले. नानांनी मागे वळून पाहिलं आणि म्हणाले, "सूनबाई, रागावू नगं. आपुन दारावरनं गेलो आन् आत न्हाई गेलो, तर त्यो मानूस इचार करीत बसतो, माझं काय चुकलं म्हनून. कुनाच्या जिवाला कशाला घोर लावायचा?" कप्पाळ माझं!

नाना गेले. त्यांच्या दहाव्याला ओढ्याकाठी गाड्या लावायला जागा उरली नाही. ज्यांच्या ज्यांच्या दारी त्यांनी अर्धा अर्धा चहा प्यायला होता ती सगळी माणसं आली, पार मढच्या डोंगरातली भातवाली माणसंसुद्धा टेम्पो करून आली. सगळे म्हणत होते, नानांसारखा माणूस होणे नाही. होणे नाही हे खरंच. पण त्यांना एकच लेक, ती आली नाही. ती का आली नाही हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी तोंडातून काढलं नाही. म्हणून मी सांगते.

लेकीचं नाव वैशू. माझ्याहून लहान. मी या घरात आले तेव्हा ती नारायणगावला कॉलेजात जायची आणि रोज सकाळी वेणी घालून घ्यायला माझ्यापुढे येऊन बसायची. तिचं लग्न ओतूरच्या आत्याबाईंनी जमवलं. आत्याबाई म्हणजे नानांची थोरली बहीण. नानांची आई ते रांगत असतानाच गेली, तेव्हा या बहिणीनेच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं, त्यामुळे आत्याबाईंचा शब्द म्हणजे आमच्याकडे काळ्या दगडावरची रेघ. मुलगा आत्याबाईंच्याच भावकीतला. पत्रिका वाटायला नाना स्वतः दारोदार फिरले. आणि हळद तोंडावर आली असताना वैशू निघून गेली. तो मुलगा मुरूडकडचा, टॉवरच्या कामाला इकडे आलेला. आपल्यातला नव्हता. दोघांनी रजिस्टर लग्न केलं आणि माझ्या मोबाईलवर फोटो पाठवला. गळ्यात हार, डोळे रडून सुजलेले.

दुसऱ्या कोणी दार लावून घेतलं असतं. नानांनी मोटारसायकल काढली. ज्या ज्या दारी पत्रिका दिली होती त्या त्या दारी पुन्हा गेले. "लग्न न्हाई. पोरगी गेली. तुमी येऊ नगा." एवढं सांगायचं, अर्धा चहा प्यायचा आणि पुढचं दार. एकजण म्हणाला, "नाना, फोन केला असता तरी चाललं असतं की राव." तर म्हणाले, "पत्रिका काय फोनवर दिल्ती व्हय?" पुढच्या बाजाराला बेल्ह्याला गेले आणि विकायला काही नाही, घ्यायला काही नाही, नुसते गुरांच्या बाजारात मधोमध दिवसभर उभे राहिले. हे त्यांना आणायला गेले, तर म्हणाले, "बगू दे लोकांना. मी काय त्वांड लपावलंय का?"

हे म्हणजे माझा नवरा. घरात त्यांना बाळू म्हणतात.

सगळ्यात शेवटी नाना ओतूरला गेले. आत्याबाईंनी त्यांना अंगणात उभं ठेवलं. ये म्हणाल्या नाहीत, बस म्हणाल्या नाहीत. नाना उभेच. शेजारपाजारच्या बाया बघायला जमल्या तेव्हा कुठे आत्याबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "त्या पोरीच्या दारात पाय ठेवनार न्हाईस, ह्यो शबुद दे, मग आत ये." नानांनी शब्द दिला. मग आत गेले आणि चहा प्याले. हा शब्द त्यांनी घरी येऊन आम्हाला ओट्यावर बसून सांगितला, उद्या विहिरीवरची मोटार चालू करायची आठवण करून द्यावी तसा. सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला नाही, पण ती भाकरी परातीतच फाटली.

त्यानंतरची वर्षं सासूबाईंनी कशी काढली ते मी जवळून पाहिलं. माझा फोन घेऊन त्या गोठ्यात जायच्या. गाईच्या पाठीमागे उभं राहून हळू आवाजात बोलायच्या, "खाल्लंस का? पोराचा खोकला झाला का कमी?" वैशूला मुलगा झाला तोही त्यांनी फोनवरच पाहिला. नाना तेव्हा ओट्यावर असायचे. त्यांना ऐकू यायचं. खोकून आपण जागे आहोत एवढं कळवायचे आणि सासूबाई फोन पदराखाली घ्यायच्या. असला संसार!

मग माझ्या मुलीला, चिंगीला, मोठा ताप आला आणि उतरला. सासूबाई म्हणाल्या, मी हरिहरेश्वराला बोलले होते, देवाला जायला पाहिजे. आमच्या घराण्यात आजवर कोणी हरिहरेश्वराचं नावही घेतलं नव्हतं. पण नवस म्हटल्यावर नाना तरी काय बोलणार? ओट्यावर बसून त्यांनी यांना विचारलं, "कुठल्या रस्त्यानं जायचं?"

हे म्हणाले, "माळशेज उतरून कल्याण, तिथनं अलिबाग, मुरूड."

नानांनी टोपी नीट केली. मग म्हणाले, "बरं."

त्या एका 'बरं'वर आम्ही दोघी सासू-सुना किती जगलो म्हणून सांगू! वैशूचं घर त्याच रस्त्यावर, मुरूडच्या अलीकडे, दार थेट हमरस्त्यावर. नानांना ते माहीत होतं. माहीत असून बरं म्हणाले. सासूबाईंनी बाजरीचं पीठ दळून आणलं, शेंगदाण्याची चटणी कुटली, नातवाला कुंची आणि चांदीचे वाळे घेतले आणि सगळं एका पिशवीत भरून ती पिशवी मांडीवर घेऊनच गाडीत बसल्या. मी म्हटलं, "आई, मागं ठेवा की." तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. काय जड न्हाई."

निघालो. आळ्याला एक दार, ओतूरच्या अलीकडे एक, डिंगोऱ्याला एक. ओतूरला अर्थातच आत्याबाई. त्या तख्तपोसावर बसलेल्या, पायाला तेल लावत. सासूबाईंच्या मांडीवरच्या पिशवीकडे बघत म्हणाल्या, "हरिहरेश्वरला व्हय? तिकडं मासळीचा लई वास म्हनं. नाक धरून जावा. मधी कुठं थांबू नगा."

नानांनी बशी पालथी घातली.

मढला त्यांच्या राखीबहिणीचं घर. तिने तांदळाची पायली दिली, नानांनी कांदे दिले. मढच्या पुढे आमचं एकही नातं नाही, घाट सुरू झाला की सोयरीक संपली. हे म्हणाले, "नाना, निम्मी गोणी उरलीय. हितंच देऊन टाकू का? उगं वझं."

"ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले.

सासूबाईंनी पदराआड माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. निम्मी गोणी! पुढे ज्याला कांदे द्यावेत असं एकच तर दार होतं. घाटात ढग खाली आले होते, दरीतून वारा वर येत होता, चिंगी ओकून ओकून पिवळी पडली होती. आणि मी मात्र मनातल्या मनात गाणं म्हणत होते. सासूबाईंना सगळा डोंगर सुंदर दिसत होता. "बग गं, किती हिरवं," असं त्या वाळलेल्या गवताकडे बोट दाखवून म्हणाल्या.

अलिबागला लॉजवर मुक्काम केला. सकाळी उठून बघते तर नानांनी अंघोळ करून इस्त्रीची टोपी घातलेली, धोतर नवं. देवाला पोचायला दुपार होणार होती. मग सकाळी सकाळी नवं धोतर कुणासाठी? मी सासूबाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. दोघींनाही हसू आवरेना. त्या हसताना किती लहान दिसायच्या हे मला त्या दिवशी कळलं.

उजव्या हाताला समुद्र लागला. सासूबाईंनी तो जन्मात पहिल्यांदा पाहिला आणि एकदाच "अगं बाई, केवढं पानी" म्हणून पुन्हा डावीकडे बघायला लागल्या. वैशूचं घर डावीकडे होतं. नानांच्या खिडकीच्या बाजूला. मी सकाळीच फोन करून ठेवला होता. ती म्हणाली होती, "वहिनी, घरापाशी गतिरोधक हाय, तिथं गाडी हळू व्हतीच. मी रस्त्यावरच उभी ऱ्हाते."

गतिरोधक आला. यांनी गाडी हळू केली. आणि ती दिसली. हिरवी साडी, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा, ओवाळून टाकायला. पहिल्यांदा दारी येणाऱ्या माणसावरून आपण टाकतो तसा. मागे दारात तिचा मुलगा, नवा शर्ट घातलेला. दार उघडं, उंबऱ्याबाहेर रांगोळी.

सगळे त्या दोन शब्दांची वाट बघत होतो. राजुरीपासून मढपर्यंत प्रत्येक दारात जे दोन शब्द तोंडातून बाहेर पडले होते ते. गाडी गतिरोधकावर चढली, उतरली. वैशू दोन पावलं पुढे आली, इतकी जवळ, की नानांनी कोपर आत घेतलं नसतं तर तिला लागलं असतं. ती म्हणाली, "नाना."

नानांनी हात जोडले.

वाटेत देऊळ लागलं की माणूस गाडीतूनच जोडतो तसे, कपाळाला लावून. आणि समोर बघायला लागले.

मागून सासूबाई म्हणाल्या, "अहो." मग म्हणाल्या, "बाळू, थांबव की रे." मी तर यांच्या सीटवर मागून बुक्की मारली, "थांबवा! अहो, थांबवा!" यांनी बापाच्या तोंडाकडे बघितलं. ते तोंड बघून या बाबाने गिअर टाकला. मी मागच्या काचेतून पाहिलं. वैशू तशीच उभी होती. तिला वाटलं असणार, गाडी लावायला जागा बघताहेत, पुढून वळवून आणतील. ती तांब्या सावरून पोराला बोलवत होती.

यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, जायचाही नाही. स्वतःच्या गाडीचा ब्रेक स्वतःच्या पायाखाली असून बापाला विचारून दाबणारा माणूस! पण असो. निदान मी ओरडले तरी.

पुढे आगरदांड्याला जेटी आहे, तिथून गाडी बोटीवर चढवून पलीकडे न्यायची. बोट यायची होती, आम्ही रांगेत उभे. इतक्यात एक मोटारसायकल येऊन थांबली. सावळा, किडकिडीत मुलगा, हातात डबा. मी फोटोत पाहिला होता म्हणून ओळखलं. आमचे जावई. तो नानांच्या खिडकीशी आला, वाकून पाया पडायला गेला, पण गाडीचं दार बंद, पाय वर सीटवर. शेवटी त्याने दारालाच हात लावून कपाळाला लावला.

"नाना, तुम्ही घाईत असाल," तो म्हणाला. "वैशूने डबा दिलाय. काही मासळी नाही त्यात. सगळं तुमच्यासारखंच केलंय."

नाना म्हणाले, "बोट कवा सुटंल?"

"येईलच आता," पोरगा म्हणाला. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

सासूबाई खाली उतरल्या. पिशवी तशीच हाताशी धरलेली. त्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. तो म्हणाला, "आई, चला ना. मागे बसा. पंधरा मिनिटांत नेऊन आणतो. बोट चुकली तर दुसरी असते."

मी म्हटलं, "आई, जावा! मी बघते हितलं." अगदी ढकलायला निघाले होते मी त्यांना. त्या मोटारसायकलपर्यंत गेल्यासुद्धा. सीटला हात लावला. मग मागे वळून नानांकडे बघितलं. नाना समुद्राकडे बघत होते.

"नगं," त्या म्हणाल्या. "ते आलं न्हाईत आन् मी एकलीच गेले, तर तिच्या शेजारनी तिला काय म्हनतील? बाप दारावरनं गेला, आय चोरून आली. तेवढं बी तिच्या डोक्याला कशाला?" आणि पिशवी त्याच्या हातात देणार, तेवढ्यात बोट लागली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या, लोक ओरडायला लागले. हे म्हणाले, "आई, बस लवकर." त्या गडबडीत त्या बसल्या आणि पिशवी मांडीवरच राहिली. डबा मात्र घेतला होता.

हरिहरेश्वराचं मी काय सांगू? खडकावर लाटा आपटत होत्या, लोक फोटो काढत होते, चिंगी शिंपले गोळा करत होती. सासूबाईंनी देवापुढे नारळ ठेवला आणि लॉजवर येऊन डबा उघडला. बाजरीची भाकरी, मेथी, लसणाची चटणी. कोकणात बाजरी कुठून मिळवली असेल त्या पोरीने! त्यांनी एकटीने बसून सगळा डबा खाल्ला, आम्हाला कोणाला एक घास दिला नाही. नानांनी ती निम्मी गोणी लॉजवाल्याला देऊन टाकली. "ठेवा," म्हणाले, "घरचा कांदा हाय." ती कुणासाठी आणली होती हे मी विचारलं नाही. विचारायला हवं तरी कशाला? ते टोपी, धोतर, गोणी सगळं तिच्यासाठी आणून तिच्याच दारावरून गेले. असा माणूस देवाने कशाला घडवावा?

परतीला नाना म्हणाले, "माणगाववरनं चला." म्हणजे ताम्हिणी चढून, पुण्याला वळसा घालून. राजगुरुनगर आलं, तिथे त्यांचे दोन जिवलग आहेत. गाडी सरळ गेली. मंचर आलं, तिथून माझं माहेर ते काय जवळ. हे मुद्दाम हळू झाले. नाना समोरच बघत राहिले. नारायणगाव गेलं, आळेफाटा गेला. राजुरीपर्यंत एकाही दारात गाडी आत गेली नाही. इतक्या लवकर आम्ही कधीच घरी आलो नव्हतो.

सासूबाई त्यानंतर नानांशी भांडल्या नाहीत. त्यांना वेळेवर चहा दिला, धोतर धुतलं. फक्त त्यांच्याबरोबर पुन्हा गाडीत बसल्या नाहीत. देवाला नाही, लग्नाला नाही, दवाखान्यातसुद्धा यष्टीने गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात भाजी निवडता निवडता भिंतीला टेकल्या आणि गेल्या. लेकीचं घर आतून कसं आहे, तिची चूल कुठल्या कोपऱ्यात आहे, काही न बघता गेल्या.

वैशू आली. आईच्या पायावर डोकं ठेवून पडली. तिरडी उचलल्यावर मी ती पिशवी तिला दिली. कुंची आता तिच्या मुलाच्या डोक्यात बसणारी नव्हती. नाना अंगणात पुरुषांत बसले होते. ती त्यांच्यासमोरून गेली, त्यांनी मान वर केली नाही. समोरच आत्याबाई बसल्या होत्या.

त्यानंतर कांदा निघाला तेव्हाची गोष्ट. एक दिवस सकाळी नाना अंघोळ करून, टोपी घालून स्वयंपाकघराच्या दाराशी आले. खांद्याला कांद्याची पिशवी. म्हणाले, "सूनबाई, मी वैशीकडं जाऊन येतो. यष्टीनं जातो. बाळूला काय सांगू नगं."

मला रडू आलं आणि त्यांचा रागही आला, आता जाताय होय, आता! पण म्हटलं, जाऊ दे, जाताहेत ना. मी त्यांच्या पाया पडले. ते वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले आणि मग वैशूला फोन लावला. "नाना निघालेत गं. तुझ्याकडंच." मग म्हणाली, "वहिनी, माझी शपथ घे." मी घेतली.

दुपारी ओतूरहून आत्याबाईंचा फोन आला. आवाजात नुसता तोरा. "परत लावलाय मी त्याला," म्हणाल्या. "हितं उतरला. मला इचारायला आला व्हता, शबुद सोडव म्हनून. मी म्हनलं, ज्या माउलीला जायचं व्हतं ती तर गेली. तवा न्हाई गेलास. आता जाऊन कुनाला दावनार हायेस? आता कशाला?"

मी फोन आपटला. नीट जायला एक दार होतं या माणसाला, आणि तिथे जायलासुद्धा त्यांना आधी दुसऱ्या दारात उतरून विचारायचं होतं.

दिवस कलला तेव्हा मी गवताचा भारा घेऊन आले, तर नाना ओट्यावर. पायात चपला तशाच, कांद्याची पिशवी शेजारी. मी भारा टाकला आणि जे तोंडाला येईल ते बोलले. "नाना, आवं एवढी दारं केलीत जन्मभर! ज्यांनी बोलावलं न्हाई त्यांची केलीत. एक दार तर बिनविचारता करायचं! पोटच्या पोरीचं!"

ते म्हणाले, "आत्याबाईचं बी खरं हाय. आता कशाला."

इतक्यात माझ्या कमरेला खोचलेला फोन वाजला. वैशूच. मी बटण दाबलं आणि फोन नानांच्या हातात दिला. म्हटलं, "घ्या. लेक हाय तुमची. सांगा तिला, आता कशाला."

नानांनी तो दोन्ही हातांनी धरून कानाला लावला. तिचा आवाज मला इथवर ऐकू येत होता. "वहिनी, नाना कुठवर आले गं? आमचं हे मघापासनं मुरूडच्या स्टँडवर उभं हायत. अलिबागच्या सगळ्या गाड्या बघितल्या. मी अजून भाकरी टाकल्या न्हाईत, म्हनलं आल्यावर गरम गरम टाकीन. हॅलो? वहिनी, ऐकू येतंय का?"

नानांचे ओठ हलत होते. दोनदा हलले. मग त्यांनी फोन कानावरून काढला, अंगठ्याने चाचपडत बंद केला आणि माझ्यापुढे धरला.

"रेंज न्हाई," म्हणाले.

मी फोन घेतला. तो लगेच परत वाजायला लागला.